हयातीचा दाखला

स्मृतिभ्रंशाने आजारी असलेलं माणूस गेलं, की तेरवीच्या मांडवात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "ती तर केव्हाच गेली होती, आता फक्त शरीर गेलं." माझी माय गेली तेव्हा सिहोऱ्यात हे वाक्य मला दहा-बारा जणांनी तरी ऐकवलं. नागपूरहून आलेल्यांनी, तुमसरहून आलेल्यांनी, शेजारच्या काकूंनी. बोलणाऱ्यांच्या मनात माया होती, यात शंका नाही. तुमचं दुःख आधीच हप्त्याहप्त्याने भरून झालंय, आता थोडंच उरलंय, असं काहीतरी त्यांना सांगायचं असतं.

पण हे वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. सांत्वनाच्या आवरणाखाली त्यात एक मोठा दावा लपलेला आहे : माणूस म्हणजे त्याची आठवण, आठवण संपली की माणूस संपलं. हे खरं असेल तर शेवटची सहा वर्षं आमच्या घरात राहणारी, जेवणारी, रडणारी, मध्येच खुदकन हसणारी ती बाई कोण होती? आणि आता मायची आठवण काढायची तर त्या सहा वर्षांचं काय करायचं? वगळायची?

हा दावा नवा नाही. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत एक प्रकरण वाढवलं, त्यात तो आलेला आहे. कालचा मी आणि आजचा मी एकच कशावरून? लॉकचं उत्तर साधारण असं : माझी जाणीव मागे जिथवर पोचते, तिथवर मी. युक्तिवाद नीटस आहे, पण तो मांडताना लॉकने लहान मुलं फारशी सांभाळली नसावीत. मी अडीच वर्षांची असताना चांदपूरच्या हनुमान मंदिरात गर्दीत हरवले होते आणि एका फुगेवाल्याजवळ सापडले. मला यातलं काहीही आठवत नाही. मायला आठवायचं. फुग्याचा रंगही आठवायचा. म्हणून कोणी मला असं म्हणत नाही की ती अडीच वर्षांची पोर तू नव्हतीस. माझ्या आयुष्याची पहिली वर्षं मायकडे ठेव म्हणून होती, आणि ती ठेव आहे एवढ्यावर माझं भागत होतं. तिचा आजार वाढला तशी तीही गेली. आता त्या दिवसाला साक्षीदार उरलेला नाही. दुसऱ्याचं विसरणं आपल्या आयुष्यातूनही काही घेऊन जातं, हे मला कोणत्याही पुस्तकात वाचायच्या आधी असं कळलं.

सरकारची व्याख्या मात्र लॉकपेक्षा उदार आहे. मायला निराधार वृद्धांचं मानधन मिळायचं आणि ते चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागायचा. यंत्रावर तिचा ठसा उमटत नसे. जन्मभर चिखलात धानाचे परे खोचून बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. मग कोणीतरी खुर्चीतून वाकून तिच्याकडे पाहायचं, ती त्याच्याकडे पाहायची, आणि 'हयात आहे' अशी नोंद व्हायची. स्वतःचं नाव सांगता येतं का, हा प्रश्न त्या कागदावर नाही. श्वास चालू आहे, समोर बसली आहे, म्हणजे आहे.

यातली एक गोष्ट बोलायची टाळली जाते, म्हणून बोलते. 'ती तर केव्हाच गेली' म्हणणाऱ्या काही घरांत त्याच बाईचा अंगठा मात्र पुरता जिवंत मानला जातो. हक्कसोडपत्रावर, विक्रीच्या कागदावर, बँकेच्या फॉर्मवर. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याचं कलम १२ सांगतं, की करार करताना माणसाला तो समजण्याची आणि आपल्या हिताचा विचार करण्याची शक्ती हवी. गावागावांत हे कलम अंगठ्याच्या शाईखाली रोज दाबलं जातं. माया लावायच्या वेळी मेलेली आणि जमीन घ्यायच्या वेळी जिवंत, असा सोयीचा हिशोब त्या एका वाक्यामुळे करता येतो. म्हणूनही मला ते वाक्य नको वाटतं.

आजार आला कसा, हे नेमकं सांगता येत नाही. आमच्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून पुष्कळ काही पचवलं जातं. भाजीत दोनदा मीठ, चूल पेटवून दुसरंच काम, मेलेल्या माणसाची चौकशी. एकदा ती आमच्याच बांधीवरून परत येताना वाट चुकली. ज्या धुऱ्यावरून ती पन्नास वर्षं चालली त्या धुऱ्यावर उभी राहून तिने शेजाऱ्याला विचारलं, की सिहोऱ्याला कुठून जायचं. तेव्हा नागपूरला नेलं.

डॉक्टरांनी तपासणीचे प्रश्न विचारले. आज तारीख काय, वार कोणता, वर्ष कोणतं? मायला आकड्यांची तारीख कधी लागलीच नव्हती. तिचं पंचांग नक्षत्रांचं होतं : मृगात पेरणी, आर्द्रा-पुनर्वसूत रोवणी. "कोणतं वर्ष चालू आहे?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "पानी नाही पडला ना यंदा, दुसरं का." तिच्या हिशोबाने हे अचूक उत्तर होतं. पण गुण शून्य. अशा बायाबापड्यांना शाळेच्या मापाने मोजणं चुकीचं आहे, हे आपल्याकडच्या संशोधकांच्या ध्यानात आलं होतं. हरियाणातल्या बल्लभगढ परिसरात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी नव्वदच्या दशकात एक हिंदी चाचणी तयार झाली. तिच्यात इंग्रजी शब्द उलटा लिहायला सांगत नाहीत, आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगतात. आणि 'एक वाक्य लिहा' याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगा, असं म्हणतात. मला हा प्रश्न फार आवडतो. मायला कोणी तो विचारला असता, तर ती तासभर बोलली असती. फक्त कोणत्या घराबद्दल, ते सांगता येत नाही.

आकडे सांगायचे तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. जगभरातले तज्ज्ञ टाळता येण्याजोग्या कारणांची जी यादी देतात तिच्यात रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं, एकटेपणा हे सगळं आहेच, शिवाय लहानपणी कमी शिक्षण मिळणं हेही आहे. मायला चौथीतून काढलं होतं, धाकट्या भावंडांना सांभाळायला. त्या चौथीचा आणि या आजाराचा थेट धागा तिच्यापुरता कोणी सिद्ध करू शकत नाही. पण 'नशीब' हा शब्द मी आता जपून वापरते.

मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग या आजारात लवकर खराब होतो, त्यामुळे नव्या गोष्टी आत शिरतच नाहीत. जुन्या बऱ्याच टिकतात. आणि हातांची आठवण तर वेगळ्याच ठिकाणी असते. तिसऱ्या वर्षी, आषाढात, माय अंगणातल्या चिखलात झाडूच्या काड्या खोचत बसली होती. ओळीत, चार-चार बोटांच्या अंतराने, मागे मागे सरकत. रोवणी करताना बाया सरकतात तश्शी. मी कोण हे तिला त्या दिवशी सांगता आलं नाही. पण माझी ओळ वाकडी गेली तेव्हा तिने माझ्या हातावर चापट मारली.

आता वहिनीबद्दल. खरं तर हा लेख तिच्यामुळेच लिहिते आहे.

माय आणि वहिनी यांचं कधी जमलं नाही. भाजीत मीठ कमी की जास्त, हे माय न चाखता सांगायची. वहिनीच्या माहेरचा उल्लेख झाला, की तिचा आवाज एक पट्टी वर जायचा. पंधरा वर्षं हे चाललं. माय वाईट बाई नव्हती. तिच्या सासूने तिला जे दिलं, तेच तिने पुढे वाढलं, एवढंच. आजार दोन-तीन वर्षांचा झाला आणि एक विलक्षण गोष्ट घडली : आपण सासू आहोत हे माय विसरली. वहिनीला ती 'बाई' म्हणू लागली. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. मायची मोठी बहीण कधीची वारलेली. माय वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवायची, तिच्या पदराला हात पुसायची, तिच्या ताटातला घास मागायची. एकदा तिने वहिनीचे केस विंचरून वेणी घातली, वेडीवाकडी, आणि वहिनी दिवसभर ती वेणी तशीच घेऊन गावात फिरली.

तेरवीला ते नेहमीचं वाक्य कोणीतरी वहिनीलाही ऐकवलं. तिने वाढता वाढता, हातातली पळी न थांबवता, मला हळूच सांगितलं, "ताई, तुमची माय केव्हाच गेली असन. मले तं माय तेव्हाच भेटली."

याचं काय करायचं? आम्हा भावंडांना वाटत होतं की खरी माय म्हणजे आधीची : कडक, कष्टाळू, हिशोबात पक्की, दंडार पाहायला रात्रभर जागणारी. आजारातली माय म्हणजे त्या मायची पडझड. वहिनीच्या हिशोबात मात्र पडली ती भिंत होती आणि पलीकडे माणूस निघालं. कोण खरं बोलतंय? मला वाटतं दोघंही. पण खरी माय कोणती हे ठरवायचा हक्क पोटच्या मुलांनाच आहे, असं आम्ही गृहीत धरलं होतं आणि त्या गृहीताला कसलाही आधार नाही. मी महिन्यातून दोन दिवस जायचे. रोजची रात्र वहिनीची होती.

आणि ती रात्र गोड नव्हती, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर आजाराचं भजन होईल. माय झोपायची नाही. कपडे काढून टाकायची. घाण करायची आणि ती लपवायची. आंघोळ घालताना मारायची, चावायचीसुद्धा. वहिनीची कंबर कायमची गेली. वेणीची गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येकाने कंबरेची गोष्टही सांगावी, असा माझा आग्रह आहे.

संध्याकाळ झाली की माय दारात उभी राहायची. "मले घरी नेऊन दे." घर म्हणजे माहेर, बावनथडीच्या पलीकडे बालाघाट जिल्ह्यात. तिथे आता तिचं कोणी नाही. आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं, की खरं ते सांगावं, माणसाला फसवू नये. खरं सांगितलं की ती बाप मेल्याचं नव्याने ऐकायची आणि नव्याने रडायची. रोज संध्याकाळी एक मरण. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. सत्यव्रत म्हणून त्याने दरोडेखोरांना लपलेल्या माणसांची वाट खरी खरी सांगितली, ती माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. कृष्ण ही गोष्ट अर्जुनाला सांगतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात खोटं बोलण्याच्या प्रश्नावर कांटचं नाव आधी निघतं. आमच्या दारात कौशिक जास्त कामाचा होता.

वहिनीने वेगळाच मार्ग काढला. भावाने मोटरसायकल काढायची, माय मध्ये, वहिनी मागे. चांदपूरच्या तलावाकडे एक फेरी मारायची आणि परत आपल्याच दारात गाडी उभी करायची. "आलं घर." माय उतरायची, घराकडे पाहायची, समाधानाने आत जायची. जर्मनीत काही वृद्धाश्रमांच्या दाराशी खोटे बसथांबे उभे केले आहेत, जिथे कधीच बस येत नाही, घरी जायला निघालेले म्हातारे तिथे बसतात आणि शांत होतात, हे मी पुढे वाचलं. मला आमची फेरी त्याहून बरी वाटते. त्यात निदान मोटरसायकल खरी होती, वारा खरा होता आणि शेवटी पोचायचं घरही खरंच होतं.

आपण सगळ्यांनी ऐकलेलं आणखी एक वाक्य : "मले असं लोळत नको ठेवजा, धडधाकट असताना देवानं उचलावं." माय हे धडधाकट असताना, दुसऱ्या कोणाला अंथरुणात पाहून, पुष्कळदा म्हणाली होती. मग शेवटच्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि हे वाक्य घरात येऊन बसलं. औषध द्यायचं की नाही?

अमेरिकन कायदेपंडित रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९९३ सालच्या पुस्तकात नेमका हा पेच घेतला आहे. एका वैद्यकीय विद्यार्थ्याला भेटलेली मार्गो नावाची बाई त्यांनी उदाहरणाला घेतली. स्मृतिभ्रंश झालेली, पण मजेत असलेली : पुस्तकाचं कुठलंही पान उघडून वाचायची, तेच चित्र पुन्हा पुन्हा काढायची. समजा, तिने शुद्धीत असताना लिहून ठेवलं असतं की अशा अवस्थेत मला जगवू नका, तर? ड्वॉर्किन म्हणाले, शुद्धीतल्या मार्गोचं ऐका, आयुष्याला आकार तिने दिला होता. रिबेका ड्रेसर या विदुषीने त्याला विरोध केला : समोर जी बाई खूश आहे तिचा जीव, ती आता ओळखतही नाही अशा बाईच्या शब्दावर घ्यायचा? आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात आपल्या शेवटाबद्दल आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. पण तो मुख्यतः यंत्रांच्या आधाराने लांबवलेल्या मरणाबद्दलचा आहे. आमच्यापुढे यंत्र नव्हतं. प्रतिजैविकांच्या गोळ्यांची पट्टी होती आणि माय होती, जी ताप असूनही गुळाचा खडा मागत होती.

भाऊ म्हणाला, तिची इच्छा सगळ्यांनी ऐकली आहे. वहिनी म्हणाली, "तवाच्या मायनं म्हटलं होतं. आताच्या मायले भूक लागली आहे." गोळ्या दिल्या. माय त्या आजारातून उठली आणि पुढे चार महिने जगली. त्यात दोन महिने बरे होते, दोन वाईट. निर्णय बरोबर होता का, याचं उत्तर त्या चार महिन्यांच्या बेरीज-वजाबाकीत मिळेल असं मला वाटत नाही. मला एवढंच दिसतं की ड्वॉर्किनच्या बाजूने बोलायला घरात सगळे होते आणि भूक लागलेल्या बाईच्या बाजूने एकटी वहिनी.

आता आठवण ठेवण्याचा प्रश्न. फ्रेंच लेखिका आनी एर्नो, २०२२ चं नोबेल मिळालेल्या, यांची आई याच आजाराने १९८६ साली वारली. आई गेल्यावर लगेच त्यांनी तिच्यावर एक पुस्तक लिहिलं. नॉर्मंडीतली कष्टकरी बाई, पुढे छोटं दुकान चालवणारी, तिचं सगळं आयुष्य, सुसंगत. आजारपणात त्या ज्या तुटक नोंदी करत होत्या त्या मात्र त्यांनी कपाटात ठेवल्या. अकरा वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांनी त्या नोंदी जशाच्या तशा छापल्या. पहिल्या पुस्तकातल्या सुसंगत आईला धक्का बसावा, हे त्यांना हवं होतं. मला हे धाडस वाटतं. आईला नीटनेटकं करून ठेवण्यात आपली सोय असते, तिचा मान असतोच असं नाही.

आपल्या पिढीची अडचण मात्र एर्नोंच्या उलटी आहे. मायचे आजाराआधीचे फोटो तीन. एक लग्नाचा, एक कोणाच्या तरी मुंजीतला, गर्दीत अर्धा चेहरा, एक आधार कार्डावरचा. आजारातल्या सहा वर्षांचे व्हिडिओ भाच्यांच्या फोनमध्ये दोनशेच्या वर. ती स्वतःशी बोलते आहे, उलटी साडी नेसते आहे, नातवाला 'कोन आहास गा तू' विचारते आहे आणि मागून हसण्याचे आवाज. पन्नास वर्षांनी कोणी पाहिलं तर मायचं आयुष्य म्हणजे ही सहाच वर्षं वाटतील. यातला एक व्हिडिओ रील म्हणून टाकलाही गेला होता. खाली शेकडो हृदयं आणि 'सो क्यूट आजी'. हसणारी पोरं दुष्ट नाहीत. तिच्याबरोबर सगळ्यात जास्त खेळली तीच. पण रील म्हणजे अंगठा घेण्याचाच एक प्रकार आहे. ज्याला कळत नाही त्याच्याकडून काहीतरी घ्यायचं आणि सही झाली म्हणायचं. ते रील काढून टाकलं. बाकीचे व्हिडिओ पुसू नका, असं मीच सांगितलं. ते दाखवायचे नाहीत, पण पुसायचेही नाहीत. वगळायची नाहीत म्हटलं की हे ओझं सांभाळायलाच लागतं.

यंदा मायचं पहिलं पित्तर होतं. पानावर काय वाढायचं, यावरून घरात थोडी कुरबुर झाली. मायला तिखट लागायचं. लसणाची चटणी आणि झणझणीत वांग्याची भाजी हवी, असं भावाचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. जन्मभर तिने हेच खाल्लं. पण आजारात तिखट तिच्या जिभेला लागेनासं झालं होतं, शेवटी शेवटी ती फक्त गूळ-भात खायची. वहिनीने काही न बोलता पानाच्या कडेला गूळ-भाताची एक मूद ठेवली. पान छतावर नेऊन ठेवलं. कावळ्याने आधी काय उचललं ते कोणी पाहिलं नाही. जोराची सर आली आणि आम्ही सगळे आत पळालो.